शेजारच्या सीटवरचा आरोपी

मी लाल दिवा ओलांडला, याविषयी कुणाच्याच मनात शंका नव्हती. शंका होती ती कोर्टात काय सांगावे याविषयी; आणि तिचे निरसन करण्यासाठी त्या दुपारी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या लांबट खोलीत जी मंडळी जमली होती, त्यांतला प्रत्येकजण माझा गुन्हा माझ्यापेक्षा अधिक आत्मविश्वासाने सांगू शकत होता.

शाळा माझ्या काकांची, आणि खोलीच्या मधोमध त्यांचे टेबल आहे. त्यावर चौक रंगवलेला असून खेळण्यातल्या गाड्या उभ्या असतात. शिकणाऱ्याला खऱ्या रस्त्यावर नेण्याआधी काका त्याला या टेबलाभोवती पुरेसा दमवतात. त्या दिवशी त्यांनी एक निळी गाडी उचलून चौकाच्या तोंडाशी ठेवली. ती मी होतो.

"हा इथून आला," काका म्हणाले. "हा दिवा. लाल. आणि हा गेला!" त्यांनी निळ्या गाडीला असा काही धक्का दिला, की ती चौक ओलांडून टेबलावरून खाली पडली.

"एवढ्या जोरात नव्हतो मी," मी पुटपुटलो. "अगदी सावकाश गेलो."

"म्हणजे गुन्हासुद्धा धड करता येत नाही तुला," आत्या फोनच्या कोपऱ्यातून म्हणाली. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. शाळेचा फोन, वेळापत्रक आणि काकांचा रक्तदाब, तिन्ही तीच सांभाळते.

घडले होते ते असे. एका विद्यार्थ्याला त्याच्या घरी सोडून मी शाळेची गाडी घेऊन एकटाच परतत होतो. संध्याकाळची वेळ होती. दुकानांतले दिवे लागले होते, आकाशाचे अजून विझायचे होते, आणि या दोहोंच्या मधल्या राखाडी उजेडात मला नेहमी वाटते तसे वाटत होते, की जगातली सगळी माणसे कुठेतरी वेळेवर पोहोचत आहेत. समोरचा दिवा लाल झाला. मला तो स्पष्ट दिसला. मी नेहमीच्या मऊ आवाजात म्हणालो, "आता हळूहळू ब्रेक दाबूया." आणि ब्रेक दाबला जाण्याची वाट पाहू लागलो.

आमच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. पण तो उठसूट दाबायचा नाही, अशी काकांची सक्त ताकीद आहे. "आधी जीभ, मग धीर, शेवटी पाय," हे त्यांचे सूत्र. आधी सांगायचे, मग शिकणाऱ्याला चूक सुधारायला अवसर द्यायचा, आणि अगदीच गळ्याशी आले तर पाय घालायचा. माझ्यात जीभ कमी आणि धीर अतोनात असल्यामुळे मी या सूत्राचा आदर्श समजला जातो. त्या संध्याकाळी मी जीभ वापरली. मग धीर धरला. शेजारचा विद्यार्थी भला माणूस आहे, त्याच्या लक्षात येईल, घाई करू नये, असे मनाशी म्हणत राहिलो. आणि शेवटी पाय घालायची वेळ आली, तेव्हा माझ्या लक्षात आले की शेजारच्या सीटवर कुणी नाही, स्टिअरिंग माझ्या हातात आहे, आणि चौक मागे गेला आहे.

पुढच्या वळणावर हवालदाराने थांबवले.

"दिवा दिसला नाही का?"

"दिसला."

"मग थांबला का नाहीत?"

"मी थांबायला सांगितलं होतं."

"कुणाला?"

मी बोट दाखवण्यासाठी हात उचलला आणि तो माझ्याच छातीपाशी येऊन थबकला. हवालदाराने खिडकीतून आत वाकून आधी मागची सीट पाहिली, मग माझ्या तोंडाचा वास घेतला, आणि दोन्हीकडे काहीच सापडले नाही म्हणून हिरमुसल्या चेहऱ्याने माझे नाव लिहून घेतले.

चौकातल्या कॅमेऱ्याने फोटोही काढला होता. तो आता वकीलबाईंच्या हातात होता आणि त्या चष्मा कपाळावर सरकवून त्याकडे टक लावून पाहत होत्या.

वकीलबाई पन्नाशीच्या. आमच्याच विद्यार्थिनी. परीक्षेत त्या इतक्यांदा नापास झाल्या होत्या, की परीक्षक त्यांना घरच्यांची ख्यालीखुशाली विचारू लागला होता. सरतेशेवटी त्या पास झाल्या, त्या दिवसापासून माझी कुठलीही केस फुकट लढवायची असा त्यांचा निश्चय होता, आणि मी काही करत नाही म्हणून त्या खंतावलेल्या असत. गाडीच्या सवयीने त्या मला अजून सर म्हणतात. फक्त चिडल्या की बाळा म्हणतात.

"काय सुंदर फोटो आलाय हो सर," त्या म्हणाल्या. "लग्नाला वापरा."

फोटोत मी स्टिअरिंगमागे बसलो होतो. एक हात किंचित पुढे, तळवा उघडा, जणू दिव्याला ‘आधी तुम्ही’ म्हणावे तसा. ओठ विलग. चेहऱ्यावर अपार सौजन्य. आणि गाडीची पुढची चाके थांबण्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या पार पलीकडे.

"थट्टा पुरे," काका म्हणाले. "दंड भरून टाकतो आणि मोकळे होतो. काय?"

"दंडाचं काही नाही हो काका. गोची पुढे आहे." वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला, तशा त्या खरोखर वकील दिसू लागल्या. "हा साधा ड्रायव्हर असता तर प्रश्नच नव्हता. हा शिक्षक आहे. लाल दिव्याचा गुन्हा कबूल केलेल्या माणसाने दुसऱ्याला शिकवावं की नाही, ते कोर्ट ठरवतं. न्यायाधीश साहेबांनी नको म्हटलं, की शिकवण्याचा परवाना गेला. कायमचा."

आत्याने वाजणारा फोन उचलून, "नंतर," एवढे बोलून ठेवून दिला.

माणसांसमोर मला बोलता येत नाही. समोर चेहरा आला, की माझे शब्द दारातल्या लाजऱ्या पाहुण्यासारखे आत-बाहेर करत राहतात. आईवडिलांनी मला काकांकडे पाठवले तेव्हा, ‘याला एखाद्या गोदामात चिकटवा, जिथे कुणी बोलायला नसेल,’ असे सांगितले होते. काकांनी मला गाडीत बसवले. आणि तिथे, शेजारच्या त्या सीटवर, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असे झाले की दोन माणसे शेजारी आहेत, दोघेही समोर पाहत आहेत, कुणी कुणाचा चेहरा पाहत नाही, आणि मी बोलतो आहे. वळणाविषयी, आरशाविषयी, पुढच्या माणसाच्या मनात काय असेल ते त्याच्या मागच्या दिव्यांवरून कसे ओळखावे याविषयी. विद्यार्थी मला आपली दुःखे सांगतात आणि मी त्यांना क्लच सोडायला सांगतो. यापेक्षा अधिक जवळीक मला कधी लाभली नाही. ती सीट गेली, तर मी बोलायचे कुठे, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते.

"ऊन डोळ्यावर आलं म्हणावं," आत्याने सुचवले. "दिवा दिसलाच नाही."

"ऊन कुठून येणार? संध्याकाळ होती."

"मावळतीचं ऊन जास्त लागतं, दादा. आडवं येतं." आत्याने कोपऱ्यातला टेबल-दिवा लावून उचलला आणि तो सूर्य हातात घेऊन ती टेबलाच्या पश्चिमेला उभी राहिली. काकांनी निळी गाडी पुन्हा चौकात आणली. सगळ्यांनी वाकून पाहिले. ऊन बरोबर माझ्या पाठीवर पडत होते.

"तू इकडे ये," काका आत्याला म्हणाले.

"मी इकडे येईन, सूर्य येणार आहे का?" आत्या म्हणाली आणि तिने सूर्य विझवला.

मग काकांनी घसा खाकरला. ते घसा खाकरतात तेव्हा त्यांना उपाय सुचलेला असतो आणि तो बहुधा कुणाच्या तरी मुळावर येणारा असतो. "ब्रेक लागला नाही म्हणायचं. यंत्र आहे. दगा देतं."

दाराशी उकिडव्या बसलेल्या गॅरेजवाल्याने चहाची बशी खाली ठेवली. आमच्या गाड्या तोच पाहतो. एवढा वेळ तो केवळ चहासाठी आला होता. आता तो पक्षकार झाला.

"काका, माझ्या ब्रेकचं नाव घ्यायचं नाही."

"अरे, तुझं नाव कुठे घेतोय?"

"ब्रेकचं घेतलं म्हणजे माझंच घेतलं. परवाच हाताने बसवलेत. आणि काय हो, चौकात लागला नाही, तो पुढच्या वळणावर हवालदार दिसल्याबरोबर कसा लागला? ब्रेक काय माणूस बघून लागतो?"

"लागतो एखादा," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

"खुशाल सांगा. मग त्याच गाडीत पोरंबाळं बसवून शिकवता, हेही सांगा. शाळेला कुलूप लावा, किल्ली माझ्याकडे द्या, मी गॅरेज वाढवतो."

"खरं काय ते सांगितलं तर?" मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी लगेच खाली पडलेली एक पिवळी गाडी उचलू लागलो.

"काय सांगणार?" काकांनी विचारले. "की शाळेचा मास्तर रिकाम्या गाडीत स्वतःशी बोलतो? स्वतःला अहो-जाहो करतो? आणि स्वतःचं ऐकत नाही? उद्या कोण पाठवेल रे आपल्याकडे लेकीसुनांना!"

"आणि कबूल केलंत, की परवाना साहेबांच्या लहरीवर," वकीलबाई म्हणाल्या. "ऐका माझं. नाकबूल म्हणायचं. बास. कारण नाही, सबब नाही. मग सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. तो हवालदार बदलून लांब गेलाय असं माझ्या कानावर आलंय. तारखेला आला नाही, की फोटो एकटा पडला. आणि फोटोत तुमचा चेहरा ड्रायव्हरचा नाहीच आहे, शिक्षकाचा आहे. मी त्यावर तासभर बोलू शकते. तुम्ही फक्त तो एक शब्द बोला आणि गप्प राहा. गप्प राहणं तर तुमच्या हातचा मळ आहे."

हे सर्वांना पटले. मलाही पटले. आयुष्यभर ज्या मौनाने माझे नुकसान केले, ते एकदा तरी माझ्या कामी येणार होते. तारखेपर्यंत मी अंघोळ करताना, बूट घालताना, एकच शब्द घोकत राहिलो: नाकबूल.

कोर्टाची खोली अपेक्षेपेक्षा लहान निघाली. बाके शाळेसारखी, पंखा दवाखान्यासारखा. न्यायाधीश साहेब किरकोळ अंगाचे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. दर आरोपीनंतर ते रुमाल शोधत. माझ्या आधी एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी भर रस्त्यात गाडी उभी करून ठेवली होती.

"गाडी उभी नव्हती, साहेब," ते म्हणाले. "निघतच होती."

"दुपारभर?"

"मन लागत नव्हतं तिचं."

बाकांवर हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी रुमाल शोधला आणि दंड लावला. गृहस्थ परत येताना मला डोळा मारून म्हणाले, "सांगून बघायचं हो. जातंय काय आपलं?"

सरकारी वकिलांनी माझा कागद काढला, दाराकडे पाहिले, शिपायाच्या कानात काही विचारले. शिपायाने मान हलवली. हवालदार आला नव्हता. मागच्या बाकावरून काकांचा सुस्कारा मला ऐकू आला. तो अख्ख्या खोलीला ऐकू आला असावा. वकीलबाईंनी टेबलाखालून मला अंगठा दाखवला. एक शब्द उरला होता.

मी पुढे जाऊन उभा राहिलो. साहेबांनी मान वर केली, आणि माझ्यासमोर चेहरा आला.

"दिवा लाल असताना तुम्ही चौक ओलांडला, असा आरोप आहे. गुन्हा कबूल आहे?"

मी तोंड उघडले. शब्द आला नाही. तो तिथेच होता, जिभेच्या मागे, अंघोळ करून बूट घालून तयार. पण बाहेर पडेना.

आणि त्या भयंकर शांततेत मला पुढचा सोमवार दिसला. माझ्या शेजारी कुणीतरी नवखे बसले आहे. त्याने पट्टा ओलांडला आहे, आणि तो समोर पाहत म्हणतो आहे, "सर, दिवा पिवळाच होता ना?" त्याला मी काय सांगणार? आज तो शब्द उच्चारला, तर सीट माझी राहील. पण त्या सीटवर बसून सांगण्यासारखे माझ्याजवळ काही उरणार नाही. मी नुसता गाडीतला दुसरा माणूस होईन, ज्याच्या पायाशी एक ब्रेक आहे.

"ऐकू येतंय ना तुम्हाला?" साहेबांनी विचारले.

मी मान हलवली, होकारार्थी.

"हा होकार ऐकू येण्याचा आहे की गुन्ह्याचा?"

मी पुन्हा मान हलवली. साहेबांनी थकून वकीलबाईंकडे पाहिले. "तुमचे अशील बोलतात का?"

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. बाई परीक्षेत कितीही नापास झालेल्या असोत, माझ्या शेजारी त्यांनी खूप तास काढले होते. "बोलतात, साहेब. पण त्यांना समोर माणूस चालत नाही. मी जरा त्यांच्या शेजारी उभी राहू का?"

"राहा. कुणीही कुठेही राहा. पण उत्तर मिळू द्या."

त्या येऊन माझ्या अगदी लगत उभ्या राहिल्या आणि समोरच्या भिंतीकडे पाहू लागल्या. मीही भिंतीकडे पाहू लागलो. भिंतीवर एक डाग होता, ढगासारखा. माझा श्वास संथ झाला.

"चला सर," त्या हळूच म्हणाल्या. "निघूया."

"गुन्हा कबूल आहे," मी म्हणालो.

माझ्या शेजारी बारीकसा आवाज झाला, गिअर चुकल्यावर होतो तसा. "अरे बाळा," त्या दातांमधून म्हणाल्या, "अक्कल कुठे गहाण टाकलीस?" मागे काका उठून उभे राहिल्याचे बाक सांगत होते. पण आता मी चालू पडलो होतो. भिंतीवरच्या ढगाला मी सगळे सांगितले: राखाडी उजेड, लाल दिवा, मऊ आवाज, आधी जीभ, मग धीर, शेवटी पाय, आणि मी कुणासाठी धीर धरत होतो, तेही. खोलीत हसणे सुरू झाले, वाढले, आणि मग, का कोण जाणे, ओसरले.

सरकारी वकील उठले. "साहेब, आरोपीला लाल दिवा दिसत होता आणि तरीही तो थांबला नाही. अशा माणसाने इतरांना शिकवणं धोक्याचं आहे. परवाना रद्द व्हावा."

"उत्तर?" साहेबांनी वकीलबाईंना विचारले.

वकीलबाईंच्या तासभराच्या भाषणाचा आता काही उपयोग नव्हता. त्यांनी खांदे सरळ केले. "साहेब, यांनी गुन्हा केला तेव्हा हे उत्तम शिकवत होते. वेळेवर सांगितलं, शांतपणे सांगितलं, आदराने सांगितलं."

"पण गाडीत विद्यार्थी नव्हता."

"नव्हता. तेवढाच यांचा गुन्हा."

साहेबांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. त्यांचे खांदे हलू लागले. सर्दी असावी असे मला वाटले. रुमालामागून बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला सांगा, शेजारी विद्यार्थी असताना कधी लाल दिवा ओलांडला गेलाय?"

"नाही, साहेब," मी ढगाला म्हणालो. "तेव्हा मी असतो. एकटा असलो की माझं लक्ष... एकटा असलो की गाडीत कुणीच नसतं."

साहेब थोडा वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी वाचून दाखवले. दंड. शिवाय, आरोपीने तीन महिने कोणत्याही वाहनाचे स्टिअरिंग हाती घेऊ नये. दोष चालवण्यात आहे, शिकवण्यात नाही. सबब शिकवण्याच्या परवान्याला धक्का लावण्याचे कारण कोर्टाला दिसत नाही.

बाहेर आवारात येईपर्यंत काका बोलले नाहीत, आणि मग थांबले नाहीत. "म्हणजे हा दुसऱ्याला गाडी शिकवणार आणि ह्याला स्वतःला बंदी! पोहायला शिकवणाऱ्याने पाण्यात उतरायचं नाही! पाटीवर काय लिहू मी आता? विद्यार्थ्याने मास्तरला घरून उचलून आणावे?"

"लिहा की," वकीलबाई म्हणाल्या. "तेवढाच जास्तीचा सराव. आणि काका, तो पुतण्या आहे तुमचा. पाठ थोपटा, मग ओरडा."

काकांनी पाठ थोपटली, जरा जोरातच.

शाळेची गाडी आवारातल्या गर्दीत अडकली होती. मागे भिंत, बाजूला कुणाची तरी चकचकीत मोटार. काकांनी किल्ली काढली, तेव्हा वकीलबाईंनी ती त्यांच्या हातून घेतली. गाडी मागे घेणे ही त्यांची दुखरी नस. त्यात त्या नापास होत आल्या होत्या. "सर आहेत ना," त्या म्हणाल्या आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. मी शेजारी बसलो. काका नाइलाजाने मागे.

गाडी मागे सरकू लागली. काका लगेच पुढे झुकले. "अहो, उजवीकडे! नाही, तुमच्या उजवीकडे! मोटार बघा, मोटार! अरे, पाय घाल, पाय घाल!"

वकीलबाईंचे हात स्टिअरिंगवर आवळले. गाडीला आचका बसला.

"काका," मी समोर पाहत म्हणालो, "गप्प बसा. मी शिकवतोय."

काका मागे सरकून सीटला टेकले.

"आरसा बघूया," मी वकीलबाईंना म्हणालो. "घाई नाही. अजून थोडं मागे येता येईल आपल्याला."